कापसाच्या दारी गिरणी आणणारा माणूस : जमशेटजी टाटा

शेतकरी बंधूंनो, टाटा हे नाव आपल्याला काही नवं नाही. रस्त्यावर त्या नावाचा ट्रक धावतो, घरात त्या नावाचं मीठ असतं. पण या घराण्याचा जम ज्या गिरणीने बसवला ती गिरणी मुंबईत नव्हती, आपल्या नागपुरात होती. आणि ती नागपुरात आली ती वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी. ही गोष्ट पुसद, दिग्रस, उमरखेडच्या पारावर फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती आज इथे सांगायची आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा हे त्या गिरणीचे धनी. ते जाऊन आता १२० वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी कापूस पिकवणाऱ्या माणसाने त्यांचं चरित्र एकदा नीट समजून घ्यावं असं आहे. आपण पिकवलेल्या कापसाचा पैसा नेमका कुठे तयार होतो आणि कुणाच्या हाती जातो, हा आपला रोजचा प्रश्न. त्याचं निम्मं उत्तर या माणसाच्या आयुष्यात सापडतं. उरलेलं निम्मं आपल्यालाच शोधावं लागेल.

पौरोहित्याच्या घरातला व्यापारी

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेत नवसारी इथे झाला. घर पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजी यांनी ही वहिवाट सोडली आणि मुंबईला जाऊन व्यापार सुरू केला. मुलगा हाताशी येताच त्यालाही त्यांनी मुंबईला बोलावून घेतलं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८५८ मध्ये तो बाहेर पडला आणि १८५९ मध्ये वडिलांच्या पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेला.

पेढीचा धंदा कापूस आणि अफू चीनला पाठवण्याचा होता. अफूचा व्यापार तेव्हा कायद्याने चालत असे आणि मुंबईतल्या कितीतरी मोठ्या पेढ्यांचं भांडवल त्यातून उभं राहिलं. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तेजी आली, तशी आपटीही आली

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. तो येईना म्हणून त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. कापसाचा भाव असा चढला की मुंबईचे व्यापारी रातोरात श्रीमंत झाले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातीही चार पैसे जास्त आले आणि ज्वारीचं रान पऱ्हाटीखाली जाऊ लागलं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. भाव कोसळला, मुंबईतल्या बँका बुडाल्या, शेअरचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांच्याजवळची हुंड्यापत्रं कवडीमोल झाली. पण ते पळाले नाहीत. सावकारांपुढे त्यांनी वह्या उघडून ठेवल्या आणि आहे ती परिस्थिती सांगितली. सावकारांचा त्यांच्यावर एवढा विश्वास बसला की देणी मिटवण्याचं काम त्यांनी जमशेटजींच्याच हाती सोपवलं. मुंबईत वडिलांनी घर विकून देणी भागवली.

तीन वर्षांनी दिवस पालटले. १८६८ मध्ये इंग्रजी फौज अॅबिसिनियावर चालून गेली. तिला माल पुरवण्याच्या ठेक्यात टाटांच्या पेढीचा वाटा होता, त्यातून हात सावरला. त्याच वर्षी जमशेटजींनी २१ हजार रुपयांवर स्वतःची पेढी उघडली. १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, ती चालवून दाखवली आणि दोन वर्षांत नफ्यात विकून टाकली. मग ते लँकेशायरला गेले आणि सूत कसं निघतं, कापड कसं विणतात, ते कारखान्यात फिरून समजून घेतलं.

मुंबई सोडून नागपूर का?

त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईतच, अशी रीत होती. बंदर तिथे, बँका तिथे, यंत्रं उतरायची तिथे. जमशेटजींनी उलटा हिशेब मांडला. हा हिशेब आपण नीट ध्यानात घ्यावा.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. वऱ्हाडातली रुई दाबून तिच्या गाठी मुंबईला जायच्या. तिथून काही विलायतेला जायच्या, काही मुंबईच्या गिरण्यांत. मग तिचंच कापड होऊन पुन्हा इकडे विकायला यायचं. जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, मधल्या प्रत्येकाची अडत. हे सगळं शेतकऱ्याच्या भावातून तरी कापलं जायचं, नाही तर धोतर-लुगड्याच्या किमतीवर तरी चढायचं.

जमशेटजींनी तीन गोष्टी पाहिल्या. कापूस जवळ हवा, जळण जवळ हवं आणि गिऱ्हाईक जवळ हवं. नागपुरात तिन्ही जुळत होत्या. भोवती कापसाचा मुलूख होता. वरोऱ्याचा कोळसा लांब नव्हता. मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती. शिवाय १८६१ पासून नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. कचेऱ्या, व्यापारी, विणकर, पेठा सगळं तिथे एकवटलेलं होतं.

आपलं पुसद त्या वेळी मध्य प्रांतात नव्हतं. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि पुसद तालुका बासिम, म्हणजे वाशीम जिल्ह्यात मोडायचा. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला तेव्हा नागपूर ही आपलीही राजधानी झाली, आणि १९०५ मध्ये पुसद यवतमाळ जिल्ह्याकडे आलं. पण कापसाला सरहद्द नसते. इथल्या गाड्या माल भरून उत्तरेला रेल्वेच्या स्टेशनांकडे जायच्याच.

दलदलीत उभी राहिलेली गिरणी

१८७४ मध्ये जमशेटजींनी १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली. नागपुरात जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, जागा घेतली. जागा दलदलीची होती, भर टाकून ती उचलावी लागली. नागपुरातल्या एका मारवाडी सावकाराकडे भांडवल मागितलं तेव्हा, मातीत सोनं ओतणाऱ्याला पैसा द्यायचा नाही, असं म्हणून त्याने नकार दिल्याचं सांगतात. पुढे गिरणी नावारूपाला आली तेव्हा त्याच सावकाराने कबूल केलं की या माणसाने मातीत सोनं घातलं नाही, माती घालून सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस ठेवलं. सुरुवातीला सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते.

व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमलं. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतुकीतले अधिकारी, गिरणीचा त्यांना गंध नव्हता. पण माणूस हुशार आणि प्रामाणिक, धंदा शिकून घेईल, अशी जमशेटजींची खात्री होती. यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरचा जाणकार आणला. पहिली वर्षं जड गेली. स्वस्तात घेतलेली यंत्रं नीट चालेनात आणि शेअरचा भाव मूळ किमतीच्या खाली घसरला. जमशेटजींनी मग जुनी यंत्रं काढून चांगली बसवली. स्वस्त अवजार शेवटी महाग पडतं, हे आपल्याला पंपाच्या मोटरीवरून ठाऊक आहेच.

१८८३ च्या सुमारास त्यांनी रिंग नावाच्या नव्या चात्या लावून पाहिल्या. जुन्या म्यूल यंत्रात सूत ओढायचं, थांबायचं, मग गुंडाळायचं. रिंगवर पीळ आणि गुंडाळणं एकाच वेळी चालतं. लँकेशायरवाले अजून या यंत्राला नाकं मुरडत होते. जमशेटजींनी आधी ते नागपुरात थोड्यावर अजमावलं, उतारा वाढतो हे पाहिलं, मगच पैसा घातला. नवं बियाणं घेताना शहाणा शेतकरी आधी एका तुकड्यात पेरतो, तसंच हे.

कामगार टिकवला

नागपूर भागातली माणसं कारखान्याच्या भोंग्याला सरावलेली नव्हती. पेरणी-वेचणीच्या दिवसांत, सणावारी, लग्नसराईत ती सरळ गावी जायची. रोज पाचातला एक गैरहजर असायचा. दुसऱ्या मालकाने दंड ठोकला असता. जमशेटजींनी दुसरी वाट धरली. गिरणीत हवा खेळती ठेवण्याची सोय केली, आगीपासून बचावाची यंत्रणा बसवली, चांगलं काम करणाऱ्यांना बक्षिसं सुरू केली. १८८६ मध्ये पेन्शन निधी काढला, १८९५ पासून कामावर जखमी झालेल्याला भरपाई दिली. देशात अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

म्हणून तिथे सगळं गोड होतं असं समजू नये. काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायचं, बायका-मुलंही राबायची. त्या काळच्या सगळ्या गिरण्यांची हीच तऱ्हा होती. पण इतरांपेक्षा हा मालक चार पावलं पुढे होता, हेही खरं.

लांब धागा आणि लांबचा विचार

वऱ्हाडचा बराचसा कापूस आखूड धाग्याचा होता. त्यातून जाडंभरडं सूत निघायचं आणि तलम कापड बाहेरून यायचं. जमशेटजींनी १८९६ मध्ये इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस इथे लावावा असं सुचवणारी पुस्तिका काढली. इजिप्तमध्ये हा कापूस नाईल नदीच्या पाण्यावर, ओलितावर यायचा. आपल्याकडची पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर. त्यामुळे ते वाण इकडे रुजलं नाही. पण गिरणीमालकाने बांधावरच्या वाणाचा विचार करावा, ही गोष्ट विशेष होती.

त्याच १८९६ मध्ये इंग्रज सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली. लँकेशायरच्या मालाला इथे स्पर्धा होऊ नये हा हेतू होता. जमशेटजींनी आकडे मांडून तिला विरोध केला. ही जकात हटायला १९२५ साल उजाडावं लागलं.

आणखी एक लढाई त्यांनी दिली आणि ते हरले. मुंबईहून चीन-जपानला सूत नेणाऱ्या विलायती बोट कंपन्या वाटेल ते भाडं लावायच्या. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले, तिथल्या बोट कंपनीशी बोलणी केली आणि स्वस्त भाड्याची बोटसेवा सुरू केली. विलायती कंपन्यांनी लगेच भाडं एवढं खाली आणलं की मुंबईचे गिरणीवाले जमशेटजींना सोडून तिकडे वळले. टाटांची सेवा बंद पडली आणि भाडी पुन्हा वर चढली. बंधूंनो, हा डाव आपल्या ओळखीचा आहे. गावात सोसायटीने खरेदी सुरू केली की एका हंगामापुरता व्यापारी क्विंटलमागे शंभर रुपये जास्त देतो. आपण तिकडे धावतो. सोसायटी बसते आणि पुढच्या वर्षी भाव पुन्हा त्याच्या हातात.

चांद्याचं लोखंड

१८८२ मध्ये जमशेटजींच्या हाती एका जर्मन जाणकाराचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम लोहखनिज असल्याचं त्यात म्हटलं होतं. हे लोहारा म्हणजे आपल्या यवतमाळजवळचं नव्हे. तिथलं लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा एकत्र आणून पोलादाचा कारखाना काढावा, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसला. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरेना आणि सरकारचे खाणीचे नियमही जाचक होते.

१८९९ मध्ये नियम सैल झाले. १९०२ मध्ये साठी पार केलेले जमशेटजी अमेरिकेला जाऊन जाणकारांना गाठून आले. १९०४ मध्ये त्यांच्या माणसांनी चांद्याची पाहणी केली, पण खनिज चांगलं असलं तरी कारखान्याला पुरेसं भरेना. शोध सोडल्याचं कळवायला थोरले चिरंजीव दोराबजी नागपूरला आले. सहज म्हणून तिथल्या संग्रहालयात शिरले आणि भूगर्भाच्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्हा लोहखनिजाच्या रंगाने भरलेला दिसला. शोध पुन्हा सुरू झाला. शेवटी कारखाना झाला तो बिहारच्या बाजूला साकचीला, आजच्या जमशेदपूरला. कंपनी १९०७ मध्ये निघाली, पोलाद १९१२ मध्ये बाहेर आलं. दुर्गच्या राजहऱ्याचं खनिज पुढे भिलाईच्या कामी आलं.

हे पाहायला जमशेटजी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. आयुष्यात त्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलेलं मोठं काम म्हणजे एम्प्रेस, १८८६ ची कुर्ल्याची स्वदेशी गिरणी, अहमदाबादची गिरणी आणि १९०३ चं मुंबईचं ताजमहाल हॉटेल. कुर्ल्याची गिरणी रुतली तेव्हा तिला बाहेर काढायला त्यांनी नागपूरची माणसं नेली आणि एम्प्रेसचे शेअर विकून पैसा घातला. म्हणजे मुंबईची गिरणी सावरली ती नागपूरच्या जोरावर. घाटाच्या पाण्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात हा त्यांचा बेत १९१५ मध्ये खोपोलीला फळाला आला. बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली, तिच्यासाठी त्यांनी आधीच आपल्या मालमत्तेतले ३० लाख रुपये देऊ केले होते.

शेतकऱ्याच्या हाती काय लागलं?

आता खरा प्रश्न. गिरणी नागपुरात आली, शहर वाढलं, हजारो माणसांना काम मिळालं, कापसाला जवळचं गिऱ्हाईक मिळालं. मग कापूस पिकवणारा सुखी झाला का?

तसं झालं नाही. कंपनीचे भागीदार मुख्यतः मुंबईचे. नफा तिकडे गेला. कापसाचा भाव नागपुरात ठरत नव्हता, तो लिव्हरपूलच्या बाजारावर ठरायचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडातली कापसाची काळी जमीनही माणसाला वाचवू शकली नाही. ज्वारीचं रान पऱ्हाटीखाली गेलं होतं आणि धान्य विकत घ्यायला हाती पैसा नव्हता. हा काही एकट्या जमशेटजींचा दोष नव्हे. पण गिरणी शेजारी आली म्हणजे तिचा नफा आपल्या घरी येतो, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. नफा त्याचा, ज्याचा भाग.

हे ओळखूनच पुढे सहकारी जिनिंग-प्रेसिंग आणि सूत गिरण्यांचा मार्ग आला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. ती योजना आता राहिली नाही. विदर्भातल्या अनेक सहकारी सूत गिरण्याही बंद पडल्या. काही ठिकाणी सरकारचं धोरण आडवं आलं, काही ठिकाणी आपलेच संचालक. यंत्र जुनं झालं तरी बदललं नाही, माणूस कामाचा की नात्यातला हे पाहिलं नाही, वह्या सभासदांपुढे उघडल्या नाहीत. जमशेटजींनी ज्या तीन गोष्टी कटाक्षाने पाळल्या, नेमक्या त्याच इथे राहिल्या.

खुद्द एम्प्रेसही टिकली नाही. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाने काही वर्षं चालवली आणि २००२ मध्ये ती बंद झाली. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी नावाचं व्यापारी संकुल उभं आहे.

आपण काय घ्यावं?

सरपंच, पोलीस पाटील आणि गावच्या कारभाऱ्यांनो, तुमच्या गावात गट असेल, सोसायटी असेल, २००३ पासून कायद्याने मान्य झालेली शेतकरी उत्पादक कंपनी काढायचा विचार असेल, तर आधी कागदावर जमशेटजींचे तीन प्रश्न लिहा. माल किती लांबून येणार? वीज-पाणी भरवशाचं आहे का? तयार माल कोण घेणार आणि तिथवर भाडं किती? एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. आपल्या पंचक्रोशीत हंगामात किती गाठींचा माल निघतो, हे आधी मोजा आणि मगच जिनिंगच्या गोष्टी करा. अनुदान मिळतं म्हणून शेड उभी करू नका.

वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. गाडी पुसदला पोचेल तेव्हा तिच्या डब्यात आपला कच्चा कापूस चढणार की आपलं सूत, सरकीचं तेल आणि पेंड चढणार, हे ठरवायला अजून वेळ आहे. जमशेटजींनी रेल्वे नागपूरला पोचल्यावर सात वर्षांत कंपनी काढली. आपण तयारी गाडी येण्याआधीच केलेली बरी. आणि ती करताना चौथा प्रश्नही विसरू नका, जो त्या वेळी आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी विचारलाच नाही : यात पिकवणाऱ्याचा भाग किती?